ब्रिज पिकअप बदलायचाय, पण कोणता? (इलेक्ट्रिक गिटार, कोल्हापूर)

रंकाळाकाठ | ९ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. आम्ही पाच जण राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत सराव करतो. वर्षाला दहा-बारा कार्यक्रम होतात, त्यातले निम्मे गणपतीतले. अर्धी जुनी हिंदी-मराठी गाणी आणि अर्धं आमच्या आवडीचं सत्तरच्या दशकातल्या वळणाचं रॉक. सोबत की-बोर्ड, ऑक्टोपॅड, बेस आणि दुसरा गिटारवाला.

अडचण अशी आहे. रिदम वाजवताना ब्रिज पिकअप (घोडीजवळचा, तारेच्या कंपनाचा सिग्नल करणारा भाग) ठीक वाटतो. पण सोलोला पहिल्या दोन तारांवर बाराव्या फ्रेटच्या पुढं गेलो की आवाज सुईसारखा बारीक होतो. कानाला टोचतो, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. गेल्या गणपतीत शिवाजी पेठेत वाजवलं, त्याचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग परवा पुन्हा ऐकलं. सोलो सुरू झाला की की-बोर्ड तेवढा ऐकू येतो, आणि माझी गिटार मागं कुठंतरी पत्रा खरवडल्यासारखी. त्या सोलोवर मी दोन महिने मेहनत घेतली होती. फार वाईट वाटलं.

गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची, बासवूड या लाकडाची. ब्रिजला हमबकर (दोन कॉइलचा पिकअप), मधे आणि नेकला सिंगल कॉइल (एका कॉइलचे), पाच पोझिशनचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन. व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर) ५०० के, म्हणजे किलोओहम, लिहिलंय. कंपनीनं बसवलेला हमबकर सिरॅमिक चुंबकाचा आहे, मल्टिमीटरवर १५.६ किलोओहम दाखवतो. गिटारमधून मल्टिइफेक्ट (आवाजाला इफेक्ट देणारं मशीन) आणि तिथून थेट मिक्सर.

बजेट दहा हजारांच्या आसपास. यादीत चार नावं आहेत: सेमूर डंकनचा जेबी, त्यांचाच ५९, डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आणि ईएमजी ८१. इथं चार पिकअप लावून ऐकून निवडायची सोय मला तरी सापडली नाही. मागवला की आवडो न आवडो, ठेवावाच लागणार. म्हणून आधी इथं विचारतोय. ज्यांनी स्वतः वाजवलेत किंवा बसवलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


गेन_सातारा | ९ जून, रात्री १०:४०

जेबी घे भावा. चार वर्षं वापरतोय, लीडला जगात भारी. माझी गिटार महोगनीची आहे पण.


सहावी_तार | ९ जून, रात्री ११:०५

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य नीट वाचा. महोगनीची जाड गिटार आणि बासवूडची बोल्ट-ऑन (मान स्क्रूनं बसवलेली) स्ट्रॅट यांत एकच पिकअप दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी वागतो. माझ्याकडे जेबी दोन गिटारींत होता. एकीत तो गायचा, दुसरीत वरच्या मिडला (मधल्या फ्रिक्वेन्सींच्या वरच्या भागाला) असा चमकायचा की मीच टोन पॉट सहावर आणून वाजवायचे.

पिकअपचं बोलण्याआधी मला तीन गोष्टी सांगा.

तारा शेवटच्या कधी बदलल्या आणि कोणत्या गेजच्या आहेत? ब्रिज पिकअपची उंची किती ठेवलीय? शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या स्क्रूच्या डोक्यापर्यंत मोजायचं, पहिली तार वेगळी आणि सहावी वेगळी. आणि मल्टिइफेक्टवर गेन (सिग्नल किती वाढवून फोडायचा ते) किती असतो?


रंकाळाकाठ | १० जून, संध्याकाळी ७:३०

ताई, धन्यवाद. तारा ०.००९ च्या, तीन महिने झाले असतील. शेजारी उद्यमनगरात कामाला आहेत, त्यांचा व्हर्निअर आणून मोजलं: सहाव्या तारेखाली १.१ मिमी, पहिलीखाली ०.८ मिमी. आवाज मोठा यावा म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी स्क्रू पिळून वर घेतला होता. गेन दहापैकी साडेआठ.


सहावी_तार | १० जून, रात्री ८:१०

मग आधी तो खाली घ्या. ०.८ फारच जवळ आहे. तिथं प्रत्येक आघात पिकअपवर फटका मारल्यासारखा बसतो आणि मागचा सूर फुलायच्या आत संपतो. सहावीखाली २.५ आणि पहिलीखाली २ पासून सुरुवात करा, मग अर्धा-अर्धा आटा वर घेत ऐका. आवाज कमी वाटला तर तेवढा मल्टिइफेक्टवर वाढवा. तारा नव्या टाका आणि जमलं तर ०.०१० च्या टाका. फ्लोटिंग ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंग थोड्या आवळाव्या लागतील, नाहीतर ब्रिज पुढं कलेल.

हे सगळं झाल्यावरही आवाज बारीकच राहिला तर पिकअपचं बोलू. मी कोल्हापुरातच आहे, अडलं तर सांगा.


उद्यमनगर_वाइंडिंग | ११ जून, सकाळी ६:५०

मी गिटार वाजवत नाही, मुलगा वाजवतो. माझं काम मोटार रिवाइंडिंगचं. किलोओहमचा आकडा बघून पिकअप निवडताय असं वाटलं म्हणून लिहितोय.

मुलाच्या पिकअपची एक कॉइल तुटली होती, ती मी स्वतः पुन्हा भरली. तार ४२ गेजची, म्हणजे ०.०६३ मिमी. आमच्या पंपाच्या मोटारीची तार हातात धरून ओढता येते. ही तार दिसत नाही, फक्त बोटाला लागते. तुटलेलं टोक भिंगाखाली दहा मिनिटं शोधलं. पांढऱ्या कागदावर ठेवल्यावर केसासारखं चमकलं तेव्हा सापडलं. जुन्या पद्धतीच्या हमबकरमध्ये एका बॉबिनवर अशा तारेचे पाचेक हजार वेढे असतात. हाताचा ताण जरा वाढला की तुटते, सैल सोडली की वेढे बसत नाहीत. तीन वेळा तुटली, चौथ्यांदा भरली.

आता आकड्याचं. ४२ ऐवजी ४३ गेजची तार घेतली आणि तितकेच वेढे दिले, तर रेझिस्टन्स सुमारे सव्वापट येतो. वेढे तेच, चुंबक तेच, म्हणजे निर्माण होणारं व्होल्टेजही जवळपास तेच. मीटरवर मात्र ८ चे १० दिसतात. म्हणून वेगवेगळ्या तारेच्या दोन पिकअपांची ओहमवरून तुलना करू नका. ज्याची तार एक, चुंबक एक, बॉबिन एक, त्यांच्यातच ती चालते.

तापमानाचंही बघा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यानं वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशाला ८ दाखवणारी कॉइल एप्रिलच्या दुपारी ३८ अंशाला ८.७ दाखवेल. पिकअप तोच.

मीटरचा खरा उपयोग कॉइल तुटलीय की शाबूत आहे आणि दोन्ही बॉबिन सारखे भरलेत का, हे बघायला. आवाज कसा येईल ते कॉइलच्या इंडक्टन्सवर, चुंबकावर, पॉटवर आणि केबलच्या कपॅसिटन्सवर मिळून ठरतं. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, त्यानं पिकअपचं शिखर (तो सगळ्यात जोरात बोलतो ती जागा) खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतं. म्हणून जास्त भरलेला पिकअप जाड बोलतो आणि त्याची वरची धार कमी होते.


मिरजेचा_कान | ११ जून, दुपारी १:२०

काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. असं हातानं केलेलं काम वाचायला मिळालं की फार बरं वाटतं.

मी मिरजेचा, घरात तंबोरे आहेत, वाजवतो मात्र गिटार. ब्रिजचा आवाज बारीक का, याचं मूळ जागेत आहे. तंबोऱ्याची तार मधोमध छेडली तर गोल बोलते, घोडीजवळ छेडली तर कडक आणि कोरडी. गिटारचा पिकअप ज्या जागेवरून तार ऐकतो त्या जागेचंही तसंच आहे. ब्रिजच्या सॅडलपासून दीड-दोन इंचांवर तार फार कमी हलते. मूळ स्वर तिथं दुबळा आणि वरचे स्वरांश त्यामानानं जोरात. म्हणूनच कंपन्या ब्रिजचा पिकअप नेकपेक्षा जास्त वेढ्यांचा करतात. नाहीतर स्विच फिरवला की आवाज एकदम पडेल.

तंबोऱ्याची जवारी लावताना आमच्याकडे दोरा घोडीवर केसभर पुढंमागं सरकवतात आणि एका जागी तार अचानक उघडते. पिकअपच्या उंचीचा स्क्रू मी तसाच फिरवतो: एक स्वर धरून ठेवायचा, पाव आटा, पुन्हा तोच स्वर. एक जागा अशी येते की आघात मऊ होतो आणि मागचा सूर वर येतो. तिथं थांबायचं. हे डोळ्यानं मोजून पुरत नाही, आकडा फक्त सुरुवातीला उपयोगाचा.


इचलकरंजी_साउंड | ११ जून, रात्री ११:५५

शो संपवून आत्ता आलो, थोडक्यात लिहितो.

रंकाळाकाठ, तुमच्या मल्टिइफेक्टमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरपेटीची नक्कल) चालू आहे का? ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट 'अँप' वर आहे की 'लाइन' वर, ते बघा. गिटारच्या अँपमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही सोडत नाही. पीएचा (लोकांसाठी लावलेल्या साउंड सिस्टिमचा) हॉर्न ते सगळं सोडतो. डिस्टॉर्शन कॅबिनेटशिवाय सरळ मिक्सरला दिलं की वरचा सगळा कचरा लोकांच्या कानात जातो. "पत्रा खरवडल्यासारखा" हे तुमचेच शब्द आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दर तीन गिटारवाल्यांत एकाचं हे सेटिंग चुकलेलं असतं, आणि मग आम्ही मिक्सरवरून हाय कापतो. त्यात सोलोही कापला जातो.


रंकाळाकाठ | १२ जून, रात्री १०:३०

दादा, आउटपुट 'अँप' वर होतं. मशीन घेतलं तेव्हा सरावाच्या खोलीतल्या छोट्या अँपसाठी मीच ठेवलं होतं आणि तसंच राहिलं. दोन गणपती, एक नवरात्र आणि कॉलेजचं गॅदरिंग असंच वाजवलं. हे वाचून काही वेळ नुसता बसून राहिलो.

आज तारा बदलल्या (०.०१०), पिकअप २.४ आणि १.९ वर आणला, 'लाइन' केलं, गेन सहावर. पत्र्याचा आवाज गेला. रिदम आता ढोलकीच्या खाली नीट बसतो. दुसरा गिटारवाला म्हणाला, मशीन नवीन घेतलंस का.

सोलो मात्र अजून पातळ आहे. टोचत नाही, पण अंग नाही. आठव्या फ्रेटपर्यंत छान, पंधराव्याच्या पुढं पहिल्या तारेवर स्वर लगेच सुकतो. आणि गेन काढून स्वच्छ आवाजात वाजवलं तर ब्रिज नाकात बोलल्यासारखा येतो. म्हणजे पिकअपचा प्रश्न आहेच, असं धरून पुढं विचारतो.


जुनी_कॅसेट | १३ जून, सकाळी ९:१५

आता चौघांबद्दल लिहायला हरकत नाही. थोडा इतिहास लिहितो, कारण त्यातूनच निवड सोपी होते.

हमबकर सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये असताना केला. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज, १९५७ पासून गिटारींत, आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी असायची, म्हणून त्या पिकअपांना आजही त्याच नावाच्या आद्याक्षरांनी पीएएफ म्हणतात. हेतू गुणगुण घालवायचा होता. दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या आणि चुंबकाची टोकं त्यांच्याखाली उलट: तारेचा सिग्नल जुळतो, बाहेरची गुणगुण एकमेकीला मारते. अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचं) चुंबक, रेझिस्टन्स साधारण सात ते नऊ किलोओहम. ५९ हा पिकअप त्याच घराण्यातला आहे, ब्रिजचा आठच्या आसपास, अल्निको ५.

१९७२ मध्ये डिमार्झिओनं सुपर डिस्टॉर्शन आणला. बाजारातून वेगळा घेऊन आपल्या गिटारीत बसवायच्या पिकअपांची चाल त्यानंच पडली. जाड सिरॅमिक चुंबक, जास्त वेढे, जवळपास दुप्पट जोर. का? तेव्हाच्या व्हॉल्व्ह अँपमध्ये गेन फार नसायचा. अँपला तोंडावरच जोराचा सिग्नल दिला की तो लवकर फुटायचा. जेबी त्याच दशकातला, अल्निको ५ आणि १६ किलोओहमच्या वर. त्या काळाची गरजच ती होती.

रंकाळाकाठ, तुम्हाला ती गरज आहे का? तुमच्या मशीनमध्ये गेन हवा तेवढा आहे. तुमचा आताचा पिकअपही गरम (जोराचा) आणि सिरॅमिक आहे, आणि तुम्ही त्याच जातीचा महाग पिकअप घ्यायला निघालाय. माझं स्पष्ट मत: तुम्हाला उलट दिशेला जायला हवं. कमी वेढ्यांचा, अल्निकोचा. जोर मशीनकडून घ्या, पिकअपकडून बोलणं घ्या. हळू छेडलं तर हळू, जोरात छेडलं तर जोरात, हा फरक गरम पिकअप खाऊन टाकतो.

ईएमजी ८१ चांगला आहे, पण तुमच्या गिटारीसाठी नाही. तो ॲक्टिव्ह: आत प्रीअँप, ९ व्होल्टची बॅटरी, २५ के चे पॉट. तुमचे दोन सिंगल कॉइल पॅसिव्ह. त्यांना २५ के वर आणलं तर ते मातीसारखे बसतील, आणि ८१ ला ५०० के वर ठेवलं तर व्हॉल्यूम पॉट चालू-बंद बटणासारखा चालेल. सगळेच बदलणार असाल तर गोष्ट वेगळी.


गेन_सातारा | १३ जून, सकाळी ११:३०

जुनी_कॅसेट यांचं बरंचसं पटतं, पण "गरम पिकअप बोलणं खातो" हे सरसकट नको. जेबीवर व्हॉल्यूम सातवर आणला की तो स्वच्छ बोलतो, मी पूर्ण गाणं त्यावर काढतो. आणि वरच्या तारांना जे अंग जेबी देतो ते कमी वेढ्यांचा पिकअप बासवूडमध्ये देईल का, शंका आहे. ५९ ब्रिजला पोकळ वाटतो, मिड मागं असतात.


सहावी_तार | १३ जून, दुपारी ३:४०

दोघांचंही खरं आहे आणि इथं वाद घालून सुटायचं नाही. माझ्याकडे ५९ ब्रिज डब्यात पडून आहे, चार वायरचा. रंकाळाकाठ, घेऊन जा, दोन-तीन आठवडे वाजवा. आवडला तर आपण बोलू, नाही तर परत द्या. जेबीचं मिड हवंसं वाटलं तर मग तो डोळस होऊन मागवा.

एक सांगते, माझा जुन्या मापाचा आहे, टोकाच्या दोन स्क्रूंतलं अंतर ४९ मिमीच्या जवळ. तुमच्या ब्रिजवर तारा ५२-५३ मध्ये असतील. दोन्ही ई तारा स्क्रूच्या जरा बाहेरून जातील. दिसायला खटकतं, ऐकायला मला कधी फरक जाणवला नाही. नवा घ्याल तेव्हा मात्र रुंद मापाचाच मागवा.


रंकाळाकाठ | १३ जून, संध्याकाळी ६:०५

ताई, काय बोलू. उद्या संध्याकाळी येतो. पिकअप जिवापाड जपेन.


रंकाळाकाठ | १६ जून, रात्री ११:४०

बसवला, पण काहीतरी चुकलंय. काळी वायर स्विचला, लाल-पांढरी एकत्र जोडून टेप लावली, हिरवी आणि उघडी वायर पॉटच्या पाठीवर. एकटा ब्रिज ठीक आहे. पण स्विच दुसऱ्या जागी (ब्रिज आणि मधला एकत्र) आणला की आवाज एकदम मेल्यासारखा, बास गायब, टेलिफोनवरून आल्यासारखा. सोल्डर तीनदा तपासली.


उद्यमनगर_वाइंडिंग | १७ जून, सकाळी ६:३५

सोल्डर बरोबर आहे, फेज उलटी आलीय. ५९ आणि तुमचा मधला पिकअप वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली येतो. एकत्र आले की खालचे स्वर एकमेकांना मारतात.

काळी आणि हिरवी यांची अदलाबदल करा: हिरवी स्विचला, काळी पॉटच्या पाठीवर. उघडी वायर पॉटवरच राहू द्या, ती शील्ड आहे. लाल-पांढरीला हात लावू नका. पॉटच्या पाठीला सोल्डर करताना आधी पॉलिश पेपरनं घासा, ४० वॅटचा बिट वापरा आणि पटकन उचला. कमी वॅटचा घेऊन मिनिटभर धरून बसलात तर पॉट आतून भाजतो.


रंकाळाकाठ | १७ जून, रात्री ९:२०

काका, झालं! दुसऱ्या जागी आता आवाज गोल आणि काचेसारखा येतो. घरात सगळ्यांना बोलावून ऐकवला.


सहावी_तार | १७ जून, रात्री ९:५०

उघडलीच आहे गिटार, तर अजून एक करा. ५०० के चा पॉट हमबकरला योग्य, पण तुमचे सिंगल कॉइल त्यावर जास्त झगझगीत बोलत असणार. स्विचवर मधल्या आणि नेकच्या हॉट वायरपासून ग्राउंडला प्रत्येकी एक ४७० के चा रेझिस्टर लावा. ५०० च्या बरोबर मिळून ते सुमारे २४२ होतं, म्हणजे सिंगल कॉइलला नेहमीच्या २५० के सारखंच वाटतं. हमबकर एकटा असताना त्याला ५०० च राहतं. खर्च चहाइतका.


रंकाळाकाठ | ६ जुलै, रात्री १०:००

उशीर झाला, पण वाजवून मगच लिहायचं ठरवलं होतं. तीन आठवडे रोज एक तास, आणि चार सराव पूर्ण बँडबरोबर. ४७० के चे दोन्ही रेझिस्टर लावले.

पहिल्या दिवशी ५९ मला कमजोर वाटला, हे कबूल करतो. जुन्याच्या मानानं आवाज निम्मा. तिसऱ्या दिवशी मशीनवरचा गेन परत साताजवळ नेला, इनपुट लेव्हल वाढवली, आणि त्यानंतर फरक कळायला लागला. पूर्वी कसंही छेडलं तरी स्वर एकाच ताकदीनं यायचा. आता प्लेक्ट्रम जरा तिरकी धरली तर स्वर घासून येतो, सपाट धरली तर गोल. सतराव्या फ्रेटवर पहिली तार ओढून धरली की स्वर आधी थोडा दबतो आणि मग वर येतो. हे माझ्या गिटारीत कधीच झालं नव्हतं. उंचीही मिरजेच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं एक स्वर धरून पाव-पाव आटा फिरवत लावली. मोजली तेव्हा २.१ आणि १.६ निघाली.

गेन_सातारा यांचंही बरोबर निघालं. जाड रिदमला मधला भाग थोडा पोकळ आहे. मशीनवर ८०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल वाढवले आणि ते भरलं. आमच्या बँडमध्ये की-बोर्ड असल्यानं ती पोकळी उलट सोयीची पडते, त्याला बसायला जागा मिळते.

परवा तोच जुना सोलो मोबाइलवर रेकॉर्ड केला, खोलीच्या दारात ठेवून. पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ऐकू येतो.

ताई, हा पिकअप मला परत करवणार नाही. किंमत तुम्ही सांगा.


सहावी_तार | ६ जुलै, रात्री १०:३५

रेकॉर्डिंग ऐकलं, फार आवडलं. शेवटची ओढ अजून थोडी उशिरा सोडा. किमतीचं भेटल्यावर बोलू, जुन्या वस्तूची जी होते तीच.


बेंजो_मंगळवार_पेठ | ८ जुलै, सकाळी ८:१०

धागा सुरुवातीपासून वाचला. आमचं बेंजो पथक आहे, गणपती आणि लग्नाच्या वरातीला वाजवतो. बेंजोला साधा एका कॉइलचा पिकअप आहे. गाडीवरच्या जनरेटरजवळ गेलो की इतका गुणगुणतो की दोन गाण्यांच्या मधे आवाज बंद करावा लागतो. हमबकरनं गुणगुण जाते असं वर वाचलं. रंकाळाकाठ, तुमचा काढलेला जुना पिकअप पडून असेल तर बेंजोला बसेल का?


रंकाळाकाठ | ८ जुलै, दुपारी १:००

पडूनच आहे, तुम्हाला देतो, पैसे नकोत. बसेल का ते काकांनी सांगावं.


उद्यमनगर_वाइंडिंग | ८ जुलै, संध्याकाळी ७:१५

बसायला हरकत नाही. तारा जवळजवळ असल्या तरी चालेल, चुंबकाचं क्षेत्र रुंद असतं. सिरॅमिक आणि जोराचा आहे, तुम्हाला वरातीत तसाच हवा. आधी दोन गोष्टी बघा. तारांच्या खाली पिकअपला आणि स्क्रूला पुरेशी खोली आहे का? आणि सगळ्या तारा स्टीलच्या आहेत का? पितळी तार असेल तर पिकअप तिला पकडणार नाही.


बेंजो_मंगळवार_पेठ | ८ जुलै, रात्री ९:३०

वाजवायच्या दोन्ही स्टीलच्याच आहेत. बाकीच्यांना चुंबक लावून बघतो.


उद्यमनगर_वाइंडिंग | ९ जुलै, सकाळी ६:४०

रविवारी सकाळी दहाला बेंजो घेऊन दुकानात या. रंकाळाकाठ, तुम्ही पिकअप आणा, शेजाऱ्यांचा व्हर्निअर नको, माझ्याकडे आहे. खोली कमी पडली तर खाचा तिथंच पाडू.